भरती येईपर्यंत

त्या वर्षात मला झोप लागत नव्हती असं नाही. झोप लागायची, पण उठल्यावर आदल्या दिवसाइतकंच दमलेलं वाटायचं. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. मी पनवेलचा. नवीन पनवेलला माझं टाइल्सचं आणि बाथरूमच्या सामानाचं दुकान आहे, सुकापूरला गोडाऊन आहे, राहायला खांदा कॉलनीत. सुरुवात दुसऱ्यांच्या साइटवर फरशी कापण्यापासून केली. जे काही झालो ते तोंडाच्या जोरावर, आणि त्याच तोंडामुळे घरात फार कुणाशी बरं राहिलं नाही. देवाला मी मानायचो, पण एखाद्या मोठ्या व्यापाऱ्याला मानावं तसा. आपण काही द्यायचं, त्याने काही द्यायचं. आई आजारी पडली तेव्हा मी नवस बोललो होतो. तिकडून माल आला नाही. तेव्हापासून त्याच्याशी व्यवहार बंद केला होता.

आई जासईला थोरल्या भावाकडे राहायची. ती गेली त्या दिवशी मी माल बघायला गुजरातमध्ये होतो. भावाला फोनवर सांगितलं, संध्याकाळपर्यंत पोहोचतो, तोवर थांबा. तो हो म्हणाला असं मला अजूनही वाटतं. तो लोकांना सांगतो, मी हो म्हणालोच नव्हतो. मी स्मशानात पोहोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं, माणसं आंघोळी करून आपापल्या घरी गेली होती. "उन्हाचं दिस हायत, गाव कवर थांबल?" एवढंच भाऊ म्हणाला. त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. तेराव्याला गेलो, पानावरून उठलो आणि येताना आईचा कुत्रा गाडीत घालून आणला. दुसरं काही मागितलं नाही.

कुत्र्याचं नाव शेठ. आईनेच ठेवलेलं. दुकानातली माणसं मला शेठ म्हणतात हे तिला कुणीतरी सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, "त्यो शेठ तं घरी येत नाय, ह्यो तरी उंबऱ्याव बसतो." तांबूस रंगाचा, गावठी, आता म्हातारा झालेला, एका कानाने बहिरा. त्याला गाडीत चढता येत नाही, उचलून ठेवावा लागतो. तो आमच्याकडे आल्यापासून रोज संध्याकाळी दारापाशी तोंड करून बसायचा. कुणाची वाट बघतोय ते आम्हा नवरा-बायकोला कळायचं.

तंबू घेण्याची कल्पना माझ्या बायकोची, रेखाची. फोनवर तिने कुठल्यातरी जोडप्याला गाडीतून समुद्रकिनारी फिरताना, तंबूत राहताना पाहिलं होतं. हॉटेलं कुत्रा घेत नाहीत, आणि शेठला कुणाकडे ठेवायला ती तयार नव्हती. मी म्हटलं, स्वतःचं घर असताना तंबूत झोपायची वेळ आली का आपल्यावर. ती म्हणाली, "घरात बसून भिंतींशी भांडता, त्यापेक्षा समुद्राशी भांडा. तो तरी उत्तर देतो." होळी झाल्यावर निघालो. अलिबाग, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन करत खाली उतरत गेलो. रोज तंबू ठोकायचा, रोज काढायचा, भातात वाळू, कंबरेत कळ. रेखा आणि शेठ ओल्या वाळूवरून सावकाश फिरायची, आणि मी गाडीजवळ बसून मनातल्या मनात भावाशी भांडायचो. प्रत्येक भांडण मीच जिंकायचो आणि प्रत्येक वेळी आणखी थकायचो.

एका खाडीच्या अलीकडे आम्ही एका नारळी-सुपारीच्या वाडीत उतरलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या माणसाला ते आवडणार नाही. त्याचं खरं नावही लिहीत नाही, याकूबभाई म्हणतो. बरीच वर्षं आखातात नोकरी करून आलेला, माझ्याच वयाचा, वाडीत तंबूंना जागा द्यायचा. समुद्राकडच्या कडेला, सुरूच्या झाडांखाली मी जागा ठरवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला की पुण्याची माणसं यायची आहेत, त्यांच्यातली लहान मुलं कुत्र्याला घाबरतात, तर तुम्ही मागे विहिरीपाशी तंबू हलवता का. मी भडकलो. शब्द दिलेला असताना मला उठवतोस म्हणजे काय. माझ्यासाठी त्या क्षणी तो याकूबभाई नव्हताच. दिलेला शब्द न पाळणारा आणखी एक माणूस होता.

आता इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. सौदा अडला की मी उठतो. बोलणं अर्ध्यावर सोडून चपला घालतो आणि दाराकडे चालायला लागतो. समोरचा हाक मारतोच. इतक्या वर्षांत मला हाक मारली नाही असं फार क्वचित झालं. त्या सवयीने मी तंबूच्या खुंट्या उपटायला लागलो. कापड गुंडाळलं, गाद्या, भांडी, सगळं मागच्या बाजूला कोंबलं, मुद्दाम आवाज करत. याकूबभाई हाक मारेल म्हणून थोडा रेंगाळलोही. तो नुसता "बरं" म्हणाला आणि फाटक उघडून उभा राहिला. मग खरंच निघावं लागलं. रेखा संतापाने गप्प होती, मी संतापाने गप्प होतो. जेट्टीवर तर, म्हणजे गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट, सुटायच्या बेतात होती. गाडी चढवली, खाडी ओलांडली, पलीकडच्या घाटाला लागलो, तरी कुणी कुणाशी बोललं नाही.

बऱ्याच वेळाने एका टपरीवर चहाला थांबलो. रेखाने बिस्किटाचा पुडा फोडला आणि मागचं दार उघडलं. मग तिने गाद्या उचलून पाहिल्या. तंबू उचलून पाहिला. मी चहा हातात धरून तिच्याकडे बघत होतो, आणि तिने वळून माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला कळलं. रोज शेठला मीच उचलून गाडीत ठेवायचो. त्या दिवशी मी रागाने सामान भरत होतो म्हणून तिने ठेवला असेल असं मला वाटलं. आणि मी सामान भरतोय म्हणजे त्यालाही मीच ठेवला असेल, असं तिला. तो तसाही गाडीत आवाज करत नाही. एक शब्द बोललो असतो तर कळलं असतं. तो एक शब्द दोघांनीही अडवून धरला होता.

ती पुडा तिथेच टाकून गाडीत जाऊन बसली. भांडली असती तर बरं झालं असतं. गाडी वळवली. याकूबभाईला फोन लावला, वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. मला खात्री होती की तो मुद्दाम उचलत नाही. मी त्याच्या जागी असतो तर उचलला नसता. त्याने कुत्र्याला काठी मारून रस्त्यावर हाकललं असेल, इथपर्यंत माझं मन गेलं. बहिरा कुत्रा, मागून येणारी गाडी त्याला ऐकू येणार नाही. आईची एवढी एकच जिवंत गोष्ट माझ्याकडे होती, आणि ती मी एका जागेच्या हट्टापायी परक्या गावात टाकून आलो होतो.

जेट्टीवर पोहोचलो तेव्हा तर जागची हलत नव्हती. ओहोटी लागली होती, पाणी पार आत गेलं होतं, आणि तर आमच्याच बाजूला गाळावर टेकून बसली होती. भरती आल्याशिवाय सुटणार नाही, असं तिथल्या माणसाने सांगितलं. सडकेने खाडीला वळसा घालायचा तर घाट चढून-उतरून संध्याकाळ झाली असती. मी कोळीवाड्याकडे धावलो. होड्या होत्या, पण सगळ्या वर ओढून, उलट्या घालून ठेवलेल्या. एका कोळ्याला म्हटलं, खाडीच्या मध्ये तर पाणी आहे, होडी तिथवर ओढत नेऊ, मला पलीकडे सोड, काय हवं ते सांग. तो म्हणाला, "आज नाय. आज बायची पालखी हाय. पालखी किनाऱ्याव हाय तवर होडी पान्यात जात नाय." मी रक्कम सांगितली, मग वाढवली. त्याला राग आला नाही. आजारी माणसाकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या सवयीने वळून चालायला लागलो. त्यानेही हाक मारली नाही.

पालखी मी तेव्हा पाहिली. शिमग्याचे दिवस, गावदेवीची पालखी घरोघर फिरून त्या दिवशी किनाऱ्यावर आलेली. ओल्या वाळूवर, ओहोटीच्या रेषेच्या थोडं वर ती टेकवून ठेवली होती, आणि भोवती सगळं गाव बसलं होतं. ढोल बाजूला पडले होते. बाया गप्पा मारत होत्या, म्हातारे विड्या ओढत होते, कुणी झोपलंही होतं. मला वाटलं, कुणाची तरी वाट बघतायत, पुढारी वगैरे यायचा असेल. शेजारच्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, पाण्याची. भरतीचं पाणी येऊन पालखीच्या पायांना लागलं की पालखी उठते, तोवर उठत नाही. देवीला पाण्याकडे न्यायचं नाही, पाणी देवीकडे येतं. कधी लवकर येतं, कधी उशिरा. मी विचारलं, मग तोवर काय करता. "काय नाय," ती म्हणाली. "बसतो."

मला बसवेना. मी जेट्टीपर्यंत जायचो, परत यायचो, फोन लावायचो. ऊन चढत होतं. रेखा पालखीपासून थोडी दूर वाळूत गुडघ्यात डोकं घालून बसली होती. माझी चौथी की पाचवी फेरी झाली तेव्हा तीच बाई म्हणाली, "दादा, बसा वाईच. तुमी फेऱ्या मारल्या म्हनून पानी लवकर येत नाय." दोघी-तिघी हसल्या. एरवी मी काहीतरी उलट बोललो असतो. पण मी खरोखर दमलो होतो. त्या सकाळचाच थकवा असता तर मी आणखी दहा फेऱ्या मारल्या असत्या. वर्षभराचा होता, म्हणून रेखाच्या शेजारी जाऊन खाली बसलो.

पालखी टेकलेली असताना गाऱ्हाणी घालतात. ज्याला काही सांगायचं असेल त्याने पुढे जायचं, पण आपण बोलायचं नाही. एक म्हातारा मानकरी असतो, त्याला सांगायचं आणि तो ते देवीपुढे मांडतो. कोण आजारी, कुणाचं लग्न अडलेलं, कुणाचं जाळं फाटलेलं. प्रत्येक गाऱ्हाण्यावर सगळं गाव "व्हय म्हाराजा" म्हणतं. रेखाने मला कोपराने ढोसलं. मी उठलो, कशासाठी ते नक्की ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्याजवळ वाकून म्हटलं, बाबा, मी पनवेलचा, माझा कुत्रा पलीकडे राहिलाय, तो जिवंत मिळाला तर देवीला चांदीची घंटा देईन. एवढी वर्षं देवाशी बोललो त्याच भाषेत.

म्हाताऱ्याने मान हलवली. "जर-तर हितं चालत नाय. बाय सौदा करीत नाय. तुजं म्हननं काय हाय ते सांग आनि बाजूला हो. मागं मानसं हायत."

मला वाटलं होतं कुत्र्याबद्दलच बोलेन. तोंडातून निघालं ते वेगळंच. मी म्हटलं, आई गेली तेव्हा माझ्यासाठी कुणी थांबलं नाही. हे मी कुणालाच असं सांगितलं नव्हतं. भावाने काय केलं, गाव कसं वागलं, हे मी शंभर लोकांना सांगितलं होतं. पण इतकं साधं, स्वतःचं म्हणून, कुणाला नाही.  म्हाताऱ्याने नारळ हातात घेतला आणि मोठ्या आवाजात, सगळ्या गावासमोर म्हटलं, "बाय माजे, ह्यो पावना पनवेलवरनं आलाय. ह्याची आय गेली तवा ह्याच्यासाठी कोन थांबला नाय. आता ह्याचा मुका जीव पल्याड ऱ्हायलाय, त्याच्याजवल कोन थांबलाय का ते ह्याला ठावं नाय. जे काय हाय ते तुज्या पायाशी टाकलंय. सांभाल."

आणि मला न ओळखणारी ती सगळी माणसं म्हणाली, "व्हय म्हाराजा."

मी बाजूला झालो. पुढच्या बाईने तिच्या सुनेचं गाऱ्हाणं सांगायला सुरुवातही केली होती. मी वाळूत येऊन बसलो आणि रडलो, आईच्या विझल्या चितेपुढे रडलो नव्हतो तसा. रेखाने पदर पुढे केला. मग आम्ही नुसते बसून राहिलो. मी फोन लावला नाही, जेट्टीकडे बघितलं नाही. माझ्या हातात आता काहीच उरलेलं नव्हतं. एरवी हे मला सहन झालं नसतं. त्या दिवशी मात्र कुणीतरी डोक्यावरचं ओझं उतरवायला हात लावावा तसं वाटलं. समोर देवी स्वतःच बसून होती, हार कोमेजलेले, मुखवट्यावर ऊन. तिलाही पाणी लवकर बोलावता येत नव्हतं, किंवा येत असूनही ती बोलावत नव्हती. मी किती वेळ तिच्याकडे बघत होतो सांगता येणार नाही. डोळा लागला असावा, कारण पायाला गार लागलं तेव्हा मी दचकलो. पाणी आलं होतं. एक पातळ लाट पालखीच्या पायांखालून वर सरकली, आणि सगळं गाव एकदम उठलं, ढोल वाजले, पालखी खांद्यांवर गेली.

फेरीबोट थोड्या वेळाने सुटली. मी गाडीतून उतरून पुढे कठड्याला धरून उभा राहिलो. पलीकडचा धक्का जवळ आला तसं दिसलं, तिकीट खिडकीच्या सावलीत एक स्कूटर उभी आहे, तिच्याशेजारी एक माणूस जमिनीवर बसला आहे, डोक्यावर रुमाल घेतलेला, आणि त्याच्या मांडीला टेकून काहीतरी तांबूस पडलं आहे. मी "शेठ" अशी हाक मारली. त्याला ऐकू आली नाही. याकूबभाईला आली. त्याने हात वर केला आणि मग कुत्र्याच्या पाठीवर थापटून त्याला उठवलं.

आम्ही निघाल्यावर याकूबभाईला शेठ झावळ्यांच्या ढिगामागे झोपलेला सापडला होता. स्कूटरवर पायांशी ठेवून तो लगेच मागे आला, तोवर तर सुटून गेली होती आणि तीच त्या सकाळची शेवटची फेरी होती. पहाटेच्या सहरीच्या जेवणानंतर थोडं पडायचं म्हणून त्याने फोनचा आवाज बंद केलेला, तो तसाच घरी राहिला होता. मी विचारलं, मग घरी का नाही गेलात, कुत्रा तिथेच ठेवायचा. तो म्हणाला, "आनि तेवढ्यात तुमी आलात नि मी हितं नसलो तर?" मी विचारलं, आम्ही परत येऊ असं वाटलं तुम्हाला? सकाळी मी काय काय बोललो. तो पहिल्यांदाच हसला. "आल्या आल्या नारलाच्या पान्यावरनं माज्याशी केवडं भांडलात. एक नारल सोडत नाय तो मानूस कुत्रा सोडून जानार? म्हटलं, येतो हा. बसू."

शेठसमोर करवंटीत पाणी होतं, याकूबभाईने टपरीवरून बाटली आणून ओतलेलं. रेखाने बाटलीतलं लिंबाचं सरबत पेल्यात काढून त्याच्यापुढे धरलं, तेव्हा तो हळूच म्हणाला, "रोजा हाय, ताई." रमजान चालू आहे हे मला माहीत होतं. सकाळी तो मला जागा हलवायला सांगत होता तेव्हाही तो उपाशी होता, आणि भरदुपारी खाडीच्या काठावर, घोटभर पाणी न पिता, तो माझ्या कुत्र्याला पाणी पाजत बसला होता. मला माफी मागायची सवय नाही. मी त्याचा हात धरला. त्याने दुसऱ्या हाताने माझा खांदा थोपटला आणि म्हणाला, चला, विहिरीपाशी सावली जास्त हाय, उलट.

त्या रात्री तंबू विहिरीपाशीच होता. पुण्याची मुलं थोड्या वेळाने येऊन शेठला लांबून बिस्किटं टाकायला लागली, आणि तो ती उठून खायचेही कष्ट घेत नव्हता. रेखा माझ्याशी बोलली. पनवेलला जाताना जासईवरून जाऊ या का, असं म्हणाली. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. माझ्यासारख्याकडून हे पुष्कळ झालं, हे तिला कळलं. भावावरचा राग गेला असं लिहिलं तर खोटं होईल. पण तो आता सगळा मलाच उचलून चालावा लागत नाही. कुण्या गावाने तो एका दुपारी माझ्याबरोबर उचलला आहे, आणि एका देवीपुढे मांडला आहे, आणि त्याचं काय करायचं ते तिचं ती बघेल.

दुकानात कधी हा विषय निघाला की गिऱ्हाइकं विचारतात, कुठली देवी ती शेठ, पावते का? पावते की नाही ते मला खरंच माहीत नाही. वाट बघते, एवढं मी पाहिलं आहे.